आग्नेय कोपऱ्यातली फळी

लग्न होऊन लंडनमधल्या हॅरोला आले तेव्हा पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मला बजावलं, "हॉलमधल्या त्या कोपऱ्यात पाय आपटायचा नाही. आणि घरात वाईटसाईट बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते."

दुसरी अट मला सोपी होती. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मुळातच अबोल. इंग्रजीत सुचलेलं उत्तर मराठीत आणेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. सगळ्यांना वाटायचं, सून मर्यादशील आहे.

कोपऱ्याचं नंतर कळलं. फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांत केली होती. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात, पालथी. पण पहिल्या मजल्यावर जमीन कुठून आणायची? सासरे हॉस्पिटलात डॉक्टर होते, हात स्थिर. त्यांनी कार्पेट उचललं, खालच्या लाकडी फ्लोअरची एक फळी सोडवली, तांब्याच्या डबीत प्रतिमा घालून ती खालच्या पोकळीत निजवली आणि फळी परत ठोकली. लीज, म्हणजे फ्लॅटचा मुदतीचा करार, नीट वाचलं ते पुढे कधीतरी. फळ्यांपर्यंत आमचं, त्याखालची पोकळी इमारतीच्या मालकिणीची.

"म्हणजे आपला वास्तुपुरुष बाईंचा पोटभाडेकरू," सासरे म्हणायचे. सासूबाई हसायच्या नाहीत.

त्या बाई खालीच राहायच्या. म्हाताऱ्या, इंग्रज, एकट्या. फ्लॅट आम्ही विकत घेतला होता, पण मुदतीवर. लीज संपलं की भिंतींसकट सगळं त्यांच्या वारसांकडे परत जाणार. आणि मुदत कमी उरली की असा फ्लॅट कुणी विकत घेत नाही, त्यावर कर्जही मिळत नाही. मला दिवस गेले तेव्हापासून सासूबाईंनी एकच ध्यास घेतला: लीज वाढवून घ्यायचं, नाहीतर नातवंडाच्या हाती काय लागणार? ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तेव्हा मुदत वाढवून देणं ही निव्वळ मालकाची मर्जी होती.

एका सकाळी मी कचरा टाकायला खाली गेले. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे त्या कोपऱ्यात कोण झोपतं?"

"कुणीच नाही."

"माझा पलंग बरोबर त्याखाली आहे. मला श्वास ऐकू येतो."

मी वर येऊन सांगितलं. सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पालथा आहे ना तो. खालीच बघणार."

शेवटी सासऱ्यांनी बाईंना चहाला बोलावलं. त्या टोपी घालून आल्या. सोफा दाखवला तरी बसल्या नाहीत. सरळ त्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेल्या, जणू जागा राखून ठेवली होती. सासूबाईंनी शंकरपाळे पुढे केले. बाईंनी एक उचलला, हातातच धरून ठेवला. सासऱ्यांनी लीजचा विषय काढला. सून, येणारं बाळ, इतक्या वर्षांचा शेजार, सगळं सांगून झालं. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हे घर माझ्या वडिलांनी बांधलं. मी जिवंत आहे तोवर एक दिवसही वाढवून देणार नाही."

सासूबाईंना इंग्रजी बोलता येत नसे, पण समजायचं सगळं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"अहो, त्यांना म्हणावं शब्द मागे घ्या. लीज नको देऊ देत. पण असं नका बोलू म्हणावं, आणि तिथे बसून तर नकोच."

"अगं, काय सांगू मी त्यांना? कसं दिसेल ते?"

"मग तू सांग गं," सासूबाई माझ्याकडे वळल्या. "एवढी इंग्रजी शाळेत शिकलीस ना?"

मी कसंबसं म्हटलं, "आमच्यात असं मानतात, की घर ऐकत असतं."

मला वाटलं, बाई हसतील. त्यांनी खाली, कार्पेटकडे पाहिलं. "ठाऊक आहे मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी रोज ऐकते ना त्याला ऐकताना."

फळी करकरली. कुणीही हललं नव्हतं.

थंडी पडली. एका सकाळी बाईंच्या दाराशी आदल्या दिवशीची दुधाची बाटली तशीच होती. सासऱ्यांनी आधी दार वाजवलं, मग पोलिसांना बोलावलं, आणि त्यांच्याबरोबर बॅग घेऊन आत गेले. वर आले तेव्हा बॅग उघडलेलीच नव्हती.

"झोपेतच गेल्या. हार्ट असणार."

सासूबाईंनी विचारलं, "कशा होत्या?"

सासऱ्यांना प्रश्न कळला असावा. त्यांनी बॅग खाली ठेवली. "उताण्या. डोळे उघडे, छताकडे."

सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला. मग त्या कोपऱ्यातली खुर्ची उचलून बेडरूममध्ये नेऊन ठेवली. त्या दिवसापासून तिथे कुणी काही ठेवलेलं नाही.

घर बाईंच्या भाच्याकडे गेलं. त्याला ते झंझट नकोच होतं. त्याने वकिलाकरवी लगेच होकार कळवला, आणि माझा मुलगा रांगायला लागला तेव्हा नवं लीज हातात आलं. सासरे ईलिंगला वकिलाकडे जाऊन पेढ्यांचा बॉक्स घेऊनच परतले. दारातूनच म्हणाले, "झालं! आता आपण सगळे गेलो तरी..."

सासूबाईंनी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "गप्प बसा! काय बोलताय? म्हणा, या घरातून कुणी कुठे जाणार नाही. म्हणा आधी."

सासरे हसत सुटले. "बरं बाई. या घरातून कुणी कुठे जाणार नाही. झालं समाधान?"

माझं लक्ष मुलाकडे होतं. तो रांगत कोपऱ्यात गेला होता. कार्पेटला गाल लावून, पालथा, अगदी निश्चल पडून तो काहीतरी ऐकत होता. मी त्याला उचललं तेव्हा रडला नाही. फक्त मान वळवून खाली बघत राहिला.

त्यानंतर आम्ही दोनदा वेगळं घर बघितलं. एकदा मालकाने ऐन वेळी विचार बदलला. दुसऱ्यांदा नवऱ्याची नोकरी गेली. सासूबाई म्हणतात, चांगलंच झालं, मुलाला हेच घर मानवलंय. मी काही बोलत नाही.

हे मी लायब्ररीत बसून लिहिते आहे. घरी लिहिताना माझे ओठ हलतात.