चौदा दिवसांचा डबा

झेंडूचा खरा वास देठात असतो. तुरट, हिरवा, किंचित औषधी. बोटांच्या पेरांत एकदा बसला की साबणाने जात नाही. त्या तेरा दिवसांत मात्र आमच्या मळ्यात निराळाच वास भरून राहिला होता. देवाला जाणारी फुलं सुतकी हातांनी खुडायची नाहीत, म्हणून खुडणी थांबली होती. फुलं झाडांवरच फुगली, काळवंडली, आतून कुजू लागली. घर लहान, म्हणून भेटायला येणारी माणसं पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर बसत. त्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकताना तो जड, गोडसर वास वाऱ्याबरोबर आत येई. अण्णा असते तर त्यांनी असा वास मळ्याला लागू दिला नसता.

अण्णा म्हणजे माझे वडील. हयातभर त्यांनी नाशिकच्या फुलबाजारात झेंडू आणि शेवंती पाठवली. शेवटच्या दिवशीही पहाटेची फुलं टेम्पोत चढवली, टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत पाहिलं आणि मोटार सुरू करायला विहिरीकडे निघाले. वाटेतच पडले. मी तेव्हा शहरातल्या माझ्या घरी झोपले होते.

मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने शेडमध्ये आणि शेडभोवती मिळून चार कॅमेरे बसवले. तो ओझरला कारखान्यात पाळीने जातो. मागे घरात आई-अण्णा, दोघंच म्हातारी. रेकॉर्डिंग साठवणारा काळा डबा शेडमध्येच देवाच्या फोटोशेजारी फळीवर आला. "चोरापेक्षा माझ्यावरच नजर दिसती तुमची," अण्णा म्हणाले होते. मग मी त्यांना सांगितलं, की हे सगळं मला माझ्या मोबाइलवरही दिसतं. सकाळी उठले की आधी तुम्हालाच बघते.

तेव्हापासून त्यांनी एक रीत धरली. फुलं भरून झाली की कॅमेऱ्याखाली यायचं, खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसायचं, वर बघायचं आणि काहीतरी बोलायचं. कॅमेऱ्याला आवाज टिपता येत नव्हता. हे त्यांना माहीत होतं, तरी बोलायचे.

पहिले काही महिने मी खरंच पाहत असे. पुढे मोबाइलमधली जागा संपली, तेव्हा जे काढून टाकलं त्यात ते ॲपही गेलं. मी त्यांना सांगितलं नाही. रविवारी फोनवर ते विचारत, "शेवंती पाहिली का? पिवळी नव्हे, पांढरी." मी म्हणे, "पाहिली. छान होती."

चौदाव्या दिवशी दुपारी भाऊ शेडमधल्या सतरंज्या गोळा करत होता. माणसं निघून गेल्यावर जी शांतता पडली तिच्यात मला फळीवरच्या डब्याची बारीक घरघर ऐकू आली.

"यात अण्णा असतील," मी म्हणाले.

भावाचे हात थांबले. "चौदाच दिवसांची जागा हाय त्यात, ताई. नवं आलं की जुनं पुसतं."

सुतकात त्याने मोटार बंद ठेवली होती, फवारणीचा पंप उलटा करून ठेवला होता, खुरपीसुद्धा आढ्याला खोचली होती. फळीवरचा डबाही काम करतो आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शिवाय गेलेल्या माणसाच्या जागी अंधार नको म्हणून आईने शेडमधला दिवा मालवू दिला नव्हता, आणि मेन स्विच सुरूच राहिला. डबा आमचं रडणं साठवत राहिला. त्याला जागा व्हावी म्हणून अण्णांचा एकेक दिवस पुसत राहिला.

आम्ही जुना टीव्ही जोडला, माऊस लावला. पडद्यावर महिन्याचे चौकोन उमटले. जे दिवस शिल्लक होते तेवढे निळे. त्यांतले अण्णांचे दोनच. ते गेले तो दिवस, आणि आदल्या दिवसाची दुपारनंतरची बाजू. मला ती शेवटची सकाळ हवी होती. मी चारही कॅमेरे निवडले, अख्खा दिवस निवडला, पेन ड्राइव्ह लावला. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली.

"रिकाम्या गोठ्यावरचा कॅमेराबी घेतलास," भाऊ म्हणाला. "पोरांना कविता शिकवतीस, पण कुठं थांबायचं ते तुला कळत नाय."

"असू दे."

पट्टी टोकाला पोचली तेव्हा साडेसहा वाजले होते. पुढे काय करायचं हे विचारायला भावाने कॅमेरे बसवणाऱ्या मिस्तरींना फोन लावून माझ्याकडे दिला. त्यांनी सावकाश समजावलं. ही फाइल डब्याच्या स्वतःच्या पद्धतीची असते, कॉम्प्युटर ती सहसा उघडत नाही. आधी तिचा वेगळा प्लेअर घ्यायचा, मग ती नेहमीच्या व्हिडिओत बदलायची. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "कॉपी करायच्या आधी रेकॉर्डिंग थांबवलं होतं ना, ताई? नाहीतर इकडं भरतं न् तिकडं पुसतं."

थांबवलं नव्हतं. भावाने झटकन माऊस ओढून रेकॉर्डिंग बंद केलं. मी आदला दिवस उघडला. साडेतीन तासांपूर्वी तिथे जी संध्याकाळ होती ती गेली होती. उरलेल्या भागात शेड रिकामी होती, आणि जमिनीवर ओल्या फडक्याखाली ओवून ठेवलेले हार.

आई दारात उभी होती. "लग्नाचे हार होते ते," ती म्हणाली. "झेंडू त्यांनी ओवला, शेवंती मी. दिवेलागणीलाच उठलो."

ती शेवटची सकाळ दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत डब्यात राहणारच होती. आधी संध्याकाळ घ्यायला हवी होती. माझ्या वाट्याची सकाळ धरून ठेवताना मी आईच्या वाट्याची संध्याकाळ पुसू दिली.

शहरात परतल्यावर मी ती फाइल माझ्या कॉम्प्युटरवर बदलायला घेतली. पहिल्यांदा बदलली तेव्हा अण्णा धावत होते. टोपल्या हातांतून उडत होत्या, टॉवेल फडफडत होता. आयुष्यात कधी न धावलेला माणूस त्या पडद्यावर कुणी पाठीमागे लागल्यासारखा पळत होता. मला हसू आलं. एका सेकंदात किती चित्रं, हा आकडा चुकला होता. दुसऱ्यांदा गती सुधारली, पण चित्र आडवं ताणलं गेलं. त्यांच्या अंगावर कधीच नव्हतं एवढं मांस आलं. तिसऱ्यांदा ते त्यांच्या चालीने चालले, त्यांच्या अंगकाठीचे झाले.

त्यांनी शेवटची टोपली भरली. कॅमेऱ्याखाली आले, तोंड पुसलं, वर पाहिलं. ओठ जरा पुढे आले, मग फाकले. एकच छोटा शब्द. नंतर ते थांबले, समोरच्याला उत्तर द्यायला लागतो तेवढाच वेळ. मग वळून टेम्पोकडे गेले. मी तेवढंच पुन्हा पुन्हा पाहिलं. ते थांबणं मला सोसत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मळ्यात गेले. खुडणी पुन्हा सुरू झाली होती. आईचे हात देठांनी हिरवे झाले होते आणि शेडमध्ये जुना, तुरट वास परतला होता. मी तिच्याजवळ बसले.

"तुझी संध्याकाळ माझ्यामुळे गेली," मी म्हणाले.

"मी होते की तिथं," ती टोपलीतून मान वर न करता म्हणाली. "तू नव्हतीस. तुला लागतं हे."

मी मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने पदराला हात पुसले, तरी धरला नाही, लांबूनच पाहिलं. अण्णा कॅमेऱ्याखाली आले, त्यांनी वर पाहिलं.

"इथे काय म्हणतात गं ते?"

"रोज तेच म्हणायचे. मग मला सांगायचे, बघती ती, आता बघती."

"पण काय म्हणायचे?"

आईने हातातलं फूल टोपलीत ठेवलं. वर, कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि अण्णांच्याच संथ, जराशा चिडवण्याच्या सुरात म्हणाली,

"उठलीस?"