प्रतिमाकाकूंचा डावा गुडघा

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मित्रमंडळात एक अलिखित कायदा आहे. सहलीला जाऊन आलेल्यांनी फोटो दाखवल्याशिवाय त्यांची सुटका नाही, आणि न गेलेल्यांनी ते बघितल्याशिवाय त्यांना बटाटेवडा नाही. त्यामुळे इटलीची मंडळी परतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी क्लबहाउसमध्ये पडदा टांगला गेला, वडे झाकून ठेवले गेले, आणि प्रतिमाकाकू घडीच्या खुर्च्या मांडू लागल्या.

मांडू लागल्या म्हणजे अगदी गिरीशच्या नाकासमोरून. या हातात दोन, त्या हातात दोन, आणि चाल अशी की जणू वरात निघालीय.

"काकू, ठेवा, ठेवा! गुडघा!" गिरीश ओरडला.

"काही झालेलं नाही त्याला. घोड्यासारखा पळतोय."

"इटलीला जाण्याआधीही हेच म्हणाला होतात."

हे मात्र खरं होतं.

गिरीश हा मंडळाच्या सहलींचा म्होरक्या. हाडाचा प्रोजेक्ट मॅनेजर. माणूस प्रेमळ, पण एकदा घड्याळाकडे बघितलं की समोरचा समुद्रसुद्धा त्याला उशीर करणारा वाटे. काकूंना शेजारी बसवून तो हळू आवाजात म्हणाला, "काकू, राग मानू नका. पुढच्या वर्षी क्रोएशियाची बेटं ठरतायत. बोटीत चढा, उतरा, तुमच्याच्याने नाही व्हायचं. तुमच्यासारख्या सीनियर्ससाठी मी वेगळा प्लॅन केलाय. आयसेलिन! एसी बस, ओक ट्री रोड, साड्यांची दुकानं, दुपारी थाळी. शो संपला की दोन्हीकडची नावं अनाउन्स करतो."

चाळीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या, त्यातली निम्मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात घालवलेल्या, आणि सत्तरीला टेकल्यावर जरा कुठे जग बघायला निघालेल्या बाईला न्यू जर्सीत साड्या बघायला पाठवायचं! घरात आधीच्याच साड्या कपाटातून बाहेर डोकावत होत्या. क्रोएशिया हातचं जाणार, आणि तेही एका गुडघ्यापायी. गंमत अशी, की तो गुडघा कधी दुखलाच नव्हता.

झालं होतं ते असं.

चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या किनाऱ्याला बिलगलेली पाच गावं. रुखवतात मांडलेल्या लाडवांसारखी गुलाबी, पिवळी, केशरी घरं एकावर एक रचलेली, मागे डोंगर, पुढे निळंशार पाणी. गिरीशने ही पाचही गावं एका दिवसात बसवली होती. प्रत्येक गावात उतरायचं, मंडळाचा भगवा कापडी बॅनर उलगडायचा, फोटो काढायचा, आइस्क्रीम, स्वच्छतागृह, की चला पुढे. तो बॅनर गिरीशच्या बायकोने, सुनेत्राने, हौसेने शिवलेला, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'मराठी मित्रमंडळ, मॉरिसव्हिल'. गिरीश त्याला जमिनीला टेकू देत नसे. झेंडावंदनाला असतात तसे चेहरे करून सगळे त्याच्यामागे उभे राहत.

पहिलंच गाव वेर्नात्सा. काकूंनी तिथलं छोटंसं बंदर पाहिलं, खडकांवरून पाण्यात उतरणाऱ्या म्हाताऱ्या बायका पाहिल्या, आणि त्यांचं मन तिथेच सांडलं. कराडजवळच्या खेड्यात वडिलांनी पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकललेली ही मुलगी. पाणी दिसलं की अजून तिचे तळपाय शिवशिवत. अमेरिकेत सगळं पोहणं झालं ते क्लोरीनच्या वासात, आखलेल्या रेघांमध्ये. समुद्र पाहिला तो नेहमी पर्सा आणि चपला सांभाळत.

गिरीशने शिट्टी वाजवली. "चला, चला, पुढे कोर्निल्या! तिथे भरपूर पायऱ्या आहेत!"

काकू तिथल्या तिथे बसल्या. "अगं आई गं! गुडघा!"

धावपळ झाली. सुनेत्राने बाम काढला. "काकू, मी थांबते तुमच्याजवळ."

"नको गं. तू जा. मी बसते इथे बाकावर, देवाचं नाव घेते."

विष्णूकाका, काकूंचे यजमान, निवृत्त इंजिनियर. बोलणं कमी, बघणं जास्त. वर्षापूर्वी काकूंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा पट्ट्या त्यांनीच बदललेल्या. आता बायको डावा गुडघा धरून विव्हळतेय, हे त्यांनी पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "हं. आराम कर." मग सर्वांच्या आधी स्टेशनकडे चालू लागले.

मंडळी वळली मात्र, काकू उठल्या. पोहण्याचा पोशाख त्यांनी सकाळीच कुर्त्याच्या आत चढवलेला होता, तेव्हा हे दुखणं किती आकस्मिक होतं ते वाचकांनीच ठरवावं. चुकलं ते एवढंच, की टॉवेल हॉटेलवर राहिला. हे लक्षात आलं ते मनसोक्त डुंबून, पाठीवर पडून आकाश बघून, दातावर दात वाजवत खडकावर आल्यावर. पिशवीत हात घातला. तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणच्याची बाटली, आणि बॅनर. काकूंची पिशवी मोठी म्हणून गिरीशने तो त्यांच्याकडेच दिला होता, आणि घाईत न्यायला विसरला होता.

क्षणभर त्या घुटमळल्या. मग वारा आला, आणि मित्रमंडळ खांद्यावरून पांघरलं गेलं.

शेजारच्या खडकावरच्या इटालियन आजीबाईंनी कौतुकाने कापड चाचपलं. काकूंनी त्यांना पुरी दिली, वर लोणच्याची फोड. आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी दुसरी फोड मागितली. भाषा कोणाची कोणाला येत नव्हती, तरी सुना या विषयावर दोघी बराच वेळ बोलल्या असाव्यात, असं काकूंचं मत आहे.

गिरीशची मंडळी बाकीची गावं पळत पळत उरकून संध्याकाळच्या गाडीने त्यांना घ्यायला आली, तेव्हा काकू बाकावर आणि बॅनर घडीत होता.

"केस ओले कसे?" सुनेत्राने विचारलं.

"ऊन केवढं होतं! डोक्यावर जरा पाणी मारलं."

विष्णूकाकांनी पुन्हा चष्मा पुसला.

तर आता क्लबहाउसमध्ये दिवे मालवले होते आणि सुनेत्रा एकेक फोटो पुढे सरकवत होती. वेर्नात्सा झालं. गिरीश दुःखी आवाजात म्हणाला, "अनफॉर्च्युनेटली, इथून पुढच्या एकाही फोटोत बॅनर नाही." लोक हळहळले. कोर्निल्याच्या पायऱ्या आल्या, घामाघूम चेहरे आले. मग बोटीतून काढलेले फोटो सुरू झाले.

"हे पुन्हा वेर्नात्सा, लांबून," सुनेत्रा म्हणाली. "शेवटच्या गावाला जाताना बोट इथे लागली होती. काकूंना बघून यावं म्हटलं, तर गिरीशने उतरूच दिलं नाही."

"एक गाव बाकी होतं!" गिरीश म्हणाला.

पडद्यावर घरं, चर्च, खडक. आणि खडकावर भगवा ठिपका. काकूंनी तो लगेच ओळखला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. अर्ध्यांचे डोळे वड्यांच्या झाकणावर होते. पुढचा फोटो आला की संपलं. लबाडी कायमची बुडाली असती. पण तिच्याबरोबर क्रोएशियाही बुडालं असतं, आणि उरली असती ती एसी बस.

सुनेत्राचं बोट पुढच्या फोटोकडे गेलं.

"थांब," काकू म्हणाल्या. "खाली डावीकडे बघ. जरा मोठं कर."

सुनेत्राने मोठं केलं. ठिपक्याची बाई झाली. अजून मोठं केलं. बाईच्या ओल्या केसांतून पाणी निथळत होतं, बाजूला वळवलेल्या तोंडात पुरी होती, आणि पाठीवर स्पष्ट अक्षरांत लिहिलं होतं: 'मराठी मित्र'. उरलेलं मंडळ काखेत गेलं होतं.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं, आणि बांध फुटला. सुनेत्रा तर हसता हसता लॅपटॉपवरच कोसळली. पडद्यावरची काकू आणखी मोठी झाली.

"काकू," गिरीशचा आवाज चिरकला, "बॅनर? ओल्या अंगावर?"

"धुऊन, इस्त्री करून दिला की रे तुला. त्या खडकावर कशी चढले असेन, ते बघ ना! गुडघा दुखणारी बाई चढेल तिथे?"

"म्हणजे दुखतच नव्हता?"

"तू आम्हाला बसू दिलं असतंस, तर कशाला दुखला असता?"

गिरीशमधला म्होरक्या जागा झाला. "पण मग तुम्ही तिथलं ते चर्चसुद्धा नीट पाहिलं नसेल."

"पाहिलं की. पाण्यातून. तिथून फार छान दिसतं."

आता बायकांत कुजबुज सुरू झाली. सुनेत्रा डोळे पुसत उठली. "गिरीश, क्रोएशियात एक दिवस मोकळा ठेव. अख्खा. मी काकूंबरोबर बसणार आहे, आणि मला कोणी शिट्टी वाजवायची नाही."

"मीही," कोणीतरी म्हणालं. "माझंही नाव घाल." गिरीशने खिशातून फोन काढला, काकू आणि विष्णूकाका या दोघांची नावं आयसेलिनमधून उचलून क्रोएशियात टाकली, आणि काकूंकडे बोट रोखून म्हणाला, "एकच कंडिशन. बॅनर माझ्याकडे राहणार!"

"ठेव बाबा. मी टॉवेल आणेन."

वड्यांची झाकणं निघाली. विष्णूकाकांनी बशी आणून काकूंच्या हातात दिली आणि शेजारी बसत हळूच म्हणाले, "क्रोएशियात कुठला दुखणार आहे ते आधी सांगून ठेव. माझी तारांबळ होते."