अर्धा इंच कमी

वाशीला राहायला आल्यावर दोन वर्षांत तीन चामडेवाल्यांनी मला फसवलं. पहिल्याने नमुना दाखवला पाठीच्या चामड्याचा आणि दिलं पोटाकडचं. शिवताना ते असं ताणलं की पाकिटांची तोंडं वाकडी झाली. दुसऱ्याच्या मालाचा रंग गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाला लागला. तिसऱ्याचं तर चामडंच नव्हतं, कापडावर चढवलेला रंग होता. तेव्हापासून माझ्या वहीत एक पान असे: नखाने ओरखडा काढणे, थेंबभर पाणी टाकून बघणे, कडेचा धागा जाळून वास घेणे, ओल्या रुमालाने पुसून रुमाल तपासणे. दुकानदार ही वही बघून हसत. जो हसेल त्याच्या नावापुढे मी फुली मारत असे.

आमची गरज थोडी होती, हीच अडचण. अख्खं चामडं घेतलं तर निम्मं पडून राहायचं, आणि थोडं मागितलं की दुकानदार ढिगाच्या तळातलं काढून द्यायचे. आम्ही म्हणजे मी आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी. नमुने काढणं, माल आणणं, गिऱ्हाइकं बघणं माझ्याकडे, शिवणं त्यांच्याकडे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चेंबूरच्या एका चष्मेवाल्याला आमचं चष्म्याचं घर आवडलं. त्याने पाच डझन मागितली, आणि नमुन्यासारखी झाली तर दर महिन्याला पाच डझन घेईन म्हणाला. माझ्या शब्दावर वहिनींनी शाळेच्या गणवेशांचं शिवण सोडलं. ते काम दुसऱ्याच दिवशी समोरच्या इमारतीतल्या बाईंनी धरलं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

धारावीत उमेदीची वर्षं घालवलेल्या एका माणसाने नावड्याला पत्र्याची शेड घेतली आहे, मोठ्या बॅगवाल्यांकडे उरलेले तुकडे तो निवडून देतो, असं कळलं. पनवेलपर्यंत एसटी, तिथून दुसरी, मग शेताच्या बांधावरून पायी. शेडच्या मालकीणबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या.

"चामड्यावाला ना? मागं शेडमदी हाय. मानूस चांगला हाय, पन त्याला घाई करू नको गो बाय."

न मागता कुणी चांगुलपणाची ग्वाही दिली की मला जास्तच शंका येते. भाडं त्याच्याकडूनच येत असणार, असं मनाशी म्हणत मी मागे गेले.

माणूस साठीचा, बोलण्यावरून सातारकडचा. मी वही काढली आणि एकेक परीक्षा घेतली. नख, पाणी, रुमाल, काडेपेटी. सगळ्यांत माल उतरला. तो पाय पसरून बघत बसला होता.

"वास घेऊन झाला? आता चाटून बघा, म्हंजे मीठ बरोबर हाय का ते कळंल."

मी हसले नाही. साठ तुकडे एका रंगाचे हवेत म्हटलं.

"देतो की. फर्मा ठेवून जावा."

फर्मा म्हणजे पुठ्ठ्याचा नमुना, तो ठेवून चामडं कापतात. मी म्हटलं, "मापं लिहून देते."

"मापानं तुकडा निवडता येत न्हाई, बाई. फर्मा वर ठेवून फिरवावा लागतो. भोक चुकवायचं, डाग चुकवायचा."

त्याच्या मागच्या भिंतीवर खिळ्याखिळ्याला लोकांचे फर्मे टांगलेले होते. पाकिटांचे, पट्ट्यांचे, पर्सचे. कुणीही यावं आणि बघावं. आमचं चष्म्याचं घर एकाच तुकड्याचं होतं, खाली जोड नाही, वरचं झाकण घडी पडून पुढे टिचबटणाला यायचं. ती घडी जमवायला मला अख्खा उन्हाळा लागला होता. पेन्सिल फिरवायला पाच मिनिटं पुरली असती.

आठवड्याने फर्मा घेऊन येते, असं सांगून मी घरी आले आणि दुसरा फर्मा कापला. झाकणाकडे अर्धा इंच कमी. कुणी उचललाच तर त्याचं बटण लागू नये. चामडेवाला तो फक्त अंदाजाला वापरणार, तुकडे काही इतके नेमके नसतात, चार बोटं जास्तच निघतात, असा माझा हिशेब. वहिनींना हे सांगितलं नाही. खरा घरी ठेवला आणि खोटा नावड्याला नेऊन दिला.

आठ दिवसांनी गठ्ठा मिळाला. साठही तुकडे एका रंगाचे, एकावरही ओरखडा नाही. मी दहा तपासले आणि इतके दिवस शोधत होते तो माणूस सापडला, असं जवळजवळ मान्य केलं. घरी वहिनींनी खरा फर्मा पहिल्या तुकड्यावर ठेवला. मग दुसऱ्यावर. मग भराभर सगळ्यांवर.

"ताई, अकराच बसतायत. बाकीच्यांचं झाकण बटणापर्यंत पोचतच नाही."

चूक कुणाची ते मला कळलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "चोर आहे! बोटभर तरी जास्त ठेवायला नको?"

दुसऱ्या दिवशी गठ्ठा त्याच्यासमोर आपटला. "इतके जेमतेम तुकडे कुणी देतं का?"

"मीच देतो," तो म्हणाला. "तुकडे वजनावर जात्यात. फर्म्याभायेर ऱ्हाईल त्येवढं तुमच्या गळ्यात फुकटचं वजन. म्हणून नेमकं बसंल त्येच काढायचं. दोन दिस मोडलं त्यापायी." खिळ्यावरचा माझा फर्मा काढून त्याने तुकड्यावर ठेवला. कडेला कड लागली. "कुठं कमी पडतंय, दावा."

मला पिशवीतून खरा काढावा लागला. त्याने एकावर एक ठेवले, बोटाने वरची कड चाचपली.

"आठ दिवसांत वाढला व्हय ह्यो?"

"मीच लहान दिला होता."

"का?"

मी भिंतीकडे बघितलं. त्यानेही बघितलं.

"शिवायचं असतं तर तुकडं कशाला निवडत बसलो असतो?"

"तुम्ही नाही हो. पण येणारे-जाणारे?"

"येनारं-जानारं म्हंजे तुमच्यासारखंच की."

त्या रंगाचं आणखी नव्हतं. झाकणाला गडद चॉकलेटी जीभ, म्हणजे लहानशी पट्टी, लावा, बटण तिच्यावर घ्या, असं त्याने सुचवलं. शेडमध्ये सगळ्यात मोठा ढीग चॉकलेटीच होता. हाच खपवायचा असेल, हा विचार मला तिथेही चुकला नाही. पण दुसरा इलाज नव्हता. घेतलं.

वहिनींना त्याच संध्याकाळी खरं सांगितलं. त्या जिभा कापत होत्या. कात्री थांबली.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"उगीच तुम्हाला टेन्शन नको म्हणून."

"आता मजेत आहे मी," म्हणाल्या आणि पुढची जीभ कापायला घेतली. एकोणपन्नास जिभा शिवून होईपर्यंत चार दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

चष्मेवाल्याने प्रत्येक जीभ ओढून बघितली. "नमुन्यात ही नव्हती."

"नव्हती. चूक माझी."

त्याने पाचही डझन ठेवून घेतली. पुढच्या महिन्यापासून मात्र नमुन्यासारखीच, नाहीतर नको, असं बजावलं.

मी खरा फर्मा नावड्याला दिला. त्याने तो माझ्यादेखत खिळ्याला अडकवला, पुठ्ठ्याची छापील बाजू भिंतीकडे करून, आणि बसमध्ये बसेपर्यंत भिंतीवरचा तो फर्मा माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. आठ दिवसांनी नवे तुकडे आले, तेव्हा त्यांच्याबरोबर फर्म्याची दुसरी प्रत वहिनींना नेऊन दिली.

"हा खरा ना, ताई?"

"खराच."

त्यांनी मशीनच्या खणातून फूटपट्टी काढली. लांबी मोजली, रुंदी मोजली, मग झाकण वेगळं मोजलं. चष्मेवाल्याकडचा पहिला नमुना त्यांनी मागवून घेतला होता, हे मला तेव्हा कळलं. तो त्यांनी फर्म्याशेजारी ठेवला, टिचबटणापर्यंतचं अंतर पुन्हा एकदा बघितलं आणि माझ्याकडे न बघता पहिला तुकडा कापायला घेतला.