दोन खाचांची काठी

मी एका माणसाची काठी चुलीत घातली आणि तिच्यावर सासऱ्यांचा चहा केला. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली, की बघा, सून कशी काटकसरी! तेव्हा मी अठरा वर्षांची होते. अठराव्या वर्षी माणसाला जेवढी अक्कल असते असं वाटतं, तेवढी माझ्याकडे भरपूर होती.

काठी आमच्या नावाड्याची होती. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायला एका जागी उभं राहावं लागतं, आणि ते मला कधी जमलं नाही.

सासरे सोलापुरात गिरणीच्या कचेरीत होते. कापसाच्या धुळीनं त्यांना खोकला धरला, तेव्हा वैद्यांनी सांगितलं, वर्षातनं चार दिवस नदीची हवा घ्या. म्हणून दर वैशाखात सासरे, सासूबाई, आमचे हे आणि मी बैलांच्या दमणीत बसून भीमेवर जात असू. तिथून पुढं मामांची होडी. आंब्याचं एकच खोड कोरून केलेली, इतकी अरुंद की एकामागं एक बसायचं, आणि कुणी शिंकलं तरी ती डुलायची. नदीच्या मधोमध वाळूचं बेट होतं. तिथं मामांची तुराट्यांची खोप, आणि खोपीभोवती वाळूत लावलेली कलिंगडं. शेजार नाही, दुकान नाही, दिवा नाही. अंधार पडला की झोपायचं, उजाडलं की उठायचं. सासूबाईंना ते फार आवडे. मला पहिल्या दिवशी दुपारीच वेड लागायची पाळी येई.

आणि मामांनाही, असं माझं मत. तुम्ही जमिनीवरच्या नावाड्याकडे कधी नीट पाहिलंय का? पाहा एकदा. पाण्यात हा माणूस तासन् तास दगडासारखा बसायचा, आणि वाळूवर पाय ठेवला की त्याला मुंग्या चावायला लागायच्या. उकिडवे बसायचे, लगेच उठायचे, चार पावलं पाण्याकडे जायचे, करंगळी बुडवून जिभेला लावायचे, परत यायचे.

सासरे म्हणायचे, "बसा की मामा!"

"बसलोय की," मामा म्हणायचे. उभ्या उभ्या.

सासूबाई आम्हा दोघांकडे बघून म्हणत, "एक भिंगरी घरात होती, दुसरी नदीवर मिळाली."

माझ्या भिंगरीवर मात्र मामांनी औषध काढलं होतं. पहिल्या खेपेला होडीत मी इकडे वाक, तिकडे वाक, पाण्यात हात घाल, असं चालवलं होतं. मामांनी एक तांब्या काठोकाठ भरला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"वैनी, ह्यो तेवडा संबाळा."

"कशाला?"

"ह्यातलं पानी सांडलं न्हाय, तर होडी बी सांडत न्हाय."

बेटावर पोचेपर्यंत मी श्वाससुद्धा बेतानं घेतला. उतरल्यावर त्यांनी तोच तांब्या माझ्यासमोर नदीत ओतला आणि गालात हसले. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे बोलले नसते, पण गप्प बसणंही मला जमत नव्हतं.

आता काठीचं सांगते.

लग्नानंतरचं माझं दुसरं वर्ष. कलिंगडं तयार झाली होती, दुसऱ्या दिवशी काढायची होती. दुपारी मामा पाट्या आणायला आणि भावाला बोलवायला पलीकडे निघाले. जाण्याआधी त्यांनी पाण्यापासून दोन हातांवर एक बाभळीची काठी रोवली. तिच्यावर कोयत्यानं पाडलेल्या दोन खाचा होत्या. मग सगळ्यांना बोलावून सांगितलं, "वर कुटंतरी वळीव झाला, तर हितं ऊन असतंया आन पानी चढतंया. खालची खाच भिजली की थाळा बडवा. म्या येतो, कलिंगडं काढाय येळ गावतो. वरली भिजली तर कलिंगडांकडं बगायचं बी न्हाय, म्या आलो की नुसता जीव घिऊन होडीत बसायचं."

हे सगळं मला नंतर कळलं. कारण हे बोलणं चाललं होतं तेव्हा मी बेटाच्या दुसऱ्या टोकाला टिटवीची अंडी शोधत होते. टिटवी माझ्या डोक्यावर ओरडत होती आणि मी तिला वेडावत होते.

काठीवर लक्ष कुणी ठेवायचं? सासऱ्यांना वाटलं, सासूबाई ठेवतील. सासूबाईंना वाटलं, मुलगा ठेवील. मुलगा पालथा पडून घोरत होता. तिन्हीसांजेला अजून पुष्कळ अवकाश असताना सासरे उठले आणि म्हणाले, "चहा होईल का गं?" जळण संपलेलं. मी इकडे तिकडे पाहिलं, तर समोर वाळूत एक खणखणीत वाळलेली काठी, काही काम नसताना उभी! मी उपटली. खाचासुद्धा दिसल्या मला. वाटलं, उंदरानं कुरतडलीय. गुडघ्यावर धरून काडकन मोडली आणि चुलीत सारली. काय पेटली म्हणता!

चहा झाला. सासूबाई पेले विसळायला खाली गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो, पाणी इतकं जवळ कधी आलं?"

सासरे म्हणाले, "काठी बघ ना."

"काठी दिसत नाही!"

"दिसत नाही म्हणजे? बुडाली?"

हे धडपडत उठले, थाळा घेतला आणि बडवायला लागले. सगळ्यांच्या मुखी काठी, काठी, काठी. मी चुलीपाशी उभी. अर्धी काठी जळून गेली होती, उरलेली अर्धी वरच्या खाचेसकट चुलीबाहेर डोकावत होती. काय झालंय ते माझ्या ध्यानात आलं आणि माझी बोलती बंद झाली. आयुष्यात पहिल्यांदा. बोलायला हवं होतं तेव्हाच.

मामा थाळ्याच्या आधीच निघाले होते. पलीकडेही ते बसलेले नव्हतेच. काठावर उभे असताना त्यांना पाण्यावरून काड्या आणि फेस येताना दिसला, आणि पाट्या तिथंच टाकून त्यांनी होडी लोटली. पोचले तेव्हा खालच्या अंगाची कलिंगडं वाळूवरून उठत होती. हो, उठतच होती. वेल ताणला जायचा, तुटायचा, आणि ते हिरवं गरगरीत फळ डुलत डुलत निघायचं.

ते खोपीपाशी आले. काठी होती त्या जागेकडे पाहिलं. मग चुलीकडे. मग माझ्याकडे. सासूबाई बोचकी बांधत होत्या. मामांनी पायानं ती अर्धी काठी राखेत सारली, वर वाळू लोटली आणि म्हणाले, "चला."

होडीत सासरे म्हणाले, "मामा, तुमची काठी वाहून गेली हो. नाहीतर आम्ही वेळेवर थाळा वाजवला असता."

"व्हय," मामा म्हणाले. "जाती कवा कवा."

एरवी पैलतीराच्या माणसांशी बोलता बोलता ते कानडीत शिरायचे, नदीला शिवीही कानडीतच द्यायचे. त्या दिवशी त्यांनी नदीला कुठल्याच भाषेत शिवी दिली नाही. कलिंगडं आमच्या दोन्ही बाजूंनी चालली होती. एक तर होडीला येऊन ठोकलं. सासूबाईंनी सवयीनं हात घातला.

"ऱ्हाऊ द्या, आक्का. होडी भरलीया."

मी मधोमध बसले होते. मांडीवर तांब्या नव्हता, तरी हलले नाही. मामांच्या ते ध्यानात आलं असावं, कारण काठ आल्यावर मला हात देताना एवढंच म्हणाले, "आज तांब्या लागला न्हाय, वैनी."

सगळे सुखरूप उतरलो. मागं वळून पाहिलं तर खोपीचा शेंडा तेवढा दिसत होता. मामा काठावर उभे होते. सासऱ्यांनी नेहमीसारखं म्हटलं, "बसा की मामा."

आणि त्या दिवशी मामा खरोखर बसले. मांडी घालून, दोन्ही हात वाळूवर टेकून. ते बसलेलं मला बघवेना.

मी घरात कुणाला सांगितलं नाही. चार वेळा तोंडाशी आलं, चारही वेळा गिळलं. पुढच्या वैशाखात पुन्हा गेलो. खोप नवी होती, कलिंगडं नवी होती. मामांनी पाण्याच्या कडेला काठ्या रोवल्या. या वेळी दोन. एकीवर खाचा, दुसरी कोरी.

सासूबाईंनी विचारलं, "मामा, दुसरी कशाला?"

"ऱ्हाऊ द्या की," मामा म्हणाले आणि पाण्याकडे निघून गेले.

मग सासऱ्यांचा खोकला वाढला, नदी सुटली. माझ्या मागं मुलंबाळं लागली. सात-आठ वर्षांनी एका लग्नाला त्या वाटेनं जाणं झालं, तेव्हा मी हट्टानं दमणी नदीकडे वळवायला लावली. होडी काठावर पालथी घातलेली होती. तिच्या सावलीत मामांची बायको भाकरी खात बसली होती. तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि विचारायचं ते कळलं.

मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. टिटवी, चहा, काठी, गिळलेली कबुली, सगळं. ती शांतपणे घास चावत होती. मग तोंड पुसून हसली आणि म्हणाली,

"मला ठावं हाय की, वैनी. धनी मरंस्तवर दोन काठ्या रवायचं. म्या म्हनायची, आता सोलापूरची मानसं येत न्हाईत, दुसरी कशाला? तर म्हनायचं, 'ऱ्हाऊ दे. वैनी आल्या आन जळान गावलं न्हाय, तर? त्यास्नी बी माज्यावानी बसवत न्हाय.'"