गॅसच्या गाडीला झालेला कोरोना

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आमच्या फाट्यावर दर गुरुवारी गॅसची गाडी यायची. बायका सकाळीच रिकामे सिलिंडर तिथे ठेवायच्या, आपापली चिंधी बांधून. आमची हिरवी, सासूबाईंच्या लुगड्याची. गाडीवाला तीच चिंधी सोडून भरलेल्या सिलिंडरला बांधायचा. लॉकडाऊनमध्ये गाडी बंद झाली, ती झालीच.

आज सिलिंडर संपला, म्हणून रिकामा घेऊन सासूबाईंसोबत मुरबाडला एजन्सीत गेले. गाडी कधी सुरू होणार, विचारलं. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "कोविडमुळे बंद आहे. स्वतः घेऊन जा."

"आता कुठलाय कोविड?" माझा आवाज चढला.

आतून मॅनेजर आला. "मॅडम, ओरडू नका. वरून ऑर्डर आहे."

"मग दाखवा ना ऑर्डर!"

तो इकडेतिकडे बघायला लागला. तेवढ्यात सासूबाई बाकावरून उठल्या. कोरोनात त्या तीन आठवडे ऑक्सिजनवर होत्या. अजून चार पावलं चालल्या की धाप लागते, चुलीचा धूर डॉक्टरांनी बंदच केलाय. काउंटरला धरून त्यांनी श्वास घेतला.

"कोरोना मला झालता रे बाबा. तुमच्या गाडीला काय झालाय?"

शेवटी भरलेला सिलिंडर आम्हीच रिक्षात पायाशी धरून आणला. पण एजन्सीतून निघताना सासूबाईंनी रिकाम्या सिलिंडरची हिरवी चिंधी सोडली आणि काउंटरच्या जाळीला घट्ट बांधली. "गुरुवारी येताना घेऊन या," म्हणाल्या.

आज सोमवार. तुमच्याकडे कोरोनाच्या नावाखाली अजून काय काय बंद आहे?