रुपरावची एकहाती परसबाग

मधुकररावांचं म्हणणं असं, की एका कामाला चार माणसं लावली की भांडण सोडवायला पाचवा लागतो. रेल्वेच्या कचेरीत चौतीस वर्षं काढल्यावर माणसाला एवढं शहाणपण येतंच. म्हणून चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर त्यांनी नागपूरच्या सदरमधल्या घरामागचं अख्खं परस एकट्या रुपरावच्या हवाली केलं. फरशी, नाली, फुलांचे वाफे आणि कोपऱ्यातलं संत्र्याचं झाड, सगळं त्याच्याकडे.

शिफारस माझी. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायचो, गाव काटोल. रुपरावही तिकडचाच. जन्मभर दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागा राखल्या आणि पन्नाशीत नागपुरात ठेकेदार व्हायचं डोक्यात घेतलं. सामान म्हणजे एक सायकल, एक कुदळ आणि कानावर खोचलेली पेन्सिल. लिहिता येत नव्हतं, पेन्सिल इज्जतीपुरती. हा त्याचा पहिला पुरा ठेका.

"हे जमलं ना बाबू, तं सदरचे दहा बंगले आपले," तो मला म्हणायचा.

"अन् पेन्सिलीले टोक कवा करता?"

"अकराव्या बंगल्याले!"

सगळा खटाटोप प्रयागबाईंसाठी होता, मधुकररावांच्या बायकोसाठी. दसऱ्यापासून त्या अंथरुणावर होत्या. डॉक्टर दाराबाहेर काहीतरी बोलून गेले आणि त्यानंतर मधुकररावांनी आठवडाभर पेपरचं एकच पान वाचलं. बाईंची खाट मागच्या खिडकीशी लावली. त्यांचं मागणं एकच होतं. संत्र्याचं झाड तीन वर्षं फुललं नव्हतं. त्या फुलांचा वास एकदा खिडकीतून आत यावा.

"फेब्रुवारीत आणतो, माय," रुपराव म्हणाला. "शब्द."

आता संत्र्याची गोष्ट अशी, की त्याला लाडानं फूल येत नाही. पाणी तोडायचं, मुळं उघडी करायची, पानं सुकून गळू द्यायची आणि मग खतपाणी द्यायचं. मरायची भीती वाटली की झाड फुलतं. याला ताण देणं म्हणतात आणि काटोलच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. पण मधुकरराव भंडाऱ्याकडचे, धानाच्या मुलखातले. तिकडे पाण्याला नाही म्हणायची रीत नाही.

डिसेंबर सरता सरता फरशी बसली, नाली झाली, वाफ्यात झेंडू डोलायला लागला. संत्र्याची पानं तेवढी गुंडाळून लोंबत होती.

"हे मरून राहिलं न गा, रुपराव," बाई म्हणाल्या.

"नाही, माय. अजून पंधरा दिवस. थेंब टाकू नका कोणी."

दोन दिवसांनी सकाळी मी दात घासत बाहेर आलो, तर मफलर गुंडाळलेले मधुकरराव झाडाच्या आळ्यात बादली ओतत होते.

"काका! हे काहून?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "काल दिवसभर ती या झाडाकडेच पाहून राहिली होती. म्हणे, तहानेनं कोणाले मरू देऊ नका. मले नाही म्हणता आलं नाही."

ती चौथी बादली होती. मी ओरडायला हवं होतं. मी चूळ भरली.

आठवड्यात फांद्यांवर कोवळी पालवी आली. रुपरावनं वाळक्या पाचोळ्याखाली बोटं खुपसली. माती ओली होती. त्यानं खिडकीकडे पाहिलं. बाई हसत होत्या. "पाहा, पालवी फुटली!"

"हो, माय," तो बोटांची माती पुसत म्हणाला. "फुटली."

मी त्याला बाजूला घेऊन बादलीची आणि बाईंच्या शब्दाची गोष्ट सांगितली. "सांगा न काकांना."

"सांगून काय होते? ताण मोडला. यंदा पानंच."

"पण नाव तुमचं खराब होईन."

"बाई इचारन, फूल काहून नाही आलं. साहेबाले तिच्यापुढं खोटं बोलता येत नाही. तिच्याच शब्दानं फूल गेलं, हे कायले समजू द्यायचं गा तिले?"

फेब्रुवारीत झाड हिरवंगार झालं. कळी एक नाही. मधुकररावांनी खाटेसमोरच रुपरावला फैलावर घेतलं. "एकहाती ठेका म्हणे! जीव जाईस्तोवर झाड छळलं, अन् फूल कुठं आहे?"

"माझाच अंदाज चुकला, साहेब," रुपराव म्हणाला. "ताण जास्त झाला."

"आवो, जाऊ द्या न," बाई म्हणाल्या. "पालवी किती गोड आहे."

आठव्या दिवशी त्या गेल्या.

तेरवीला अख्खी गल्ली जेवायला होती. मधुकरराव पंगतीतून फिरत एकेकाला सांगत होते, "कोणालेही काम द्या, पण त्या रुपरावले देऊ नका. एक फूल मांगलं होतं तिनं." सदरचे दहाही बंगले त्या पंगतीत बसले होते. शेवटच्या पानावर खाली मान घालून रुपरावही बसला होता. मधुकरराव त्याच्यापर्यंत पोचले आणि थांबले.

"तुले कोणं बोलावलं?"

रुपरावनं आपली पत्रावळ भातासकट दुमडली, उचलली आणि उठला. जाताना त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बुंदी वाढत होतो. पुढच्या माणसानं पत्रावळ पुढे केली, मी तिच्यात बुंदी घातली.