तीनशे मीटरची बुडी

घाटकोपरच्या दुकानात भीमराज वानखडे वीस वर्षं महागडी घड्याळं पाण्याच्या दाबाखाली तपासतो. स्वतः मात्र कधी गुडघ्यापलीकडे पाण्यात शिरलेला नाही. परवा मुलुंडचे कर्णिक बायको नीलासह तणतणत आले.

"तीनशे मीटर खोल चालणार म्हणून चाचणीवर तुमचीच सही, तरी आत पाणी. वॉरंटीत बदलून द्या."

सहीची लाज राखायची होती. भीमराजने वेळ लावायची चावी भिंगाखाली धरली. आट्यांत पिवळट भुकटी दिसली. त्याने ती हुंगली.

"साहेब, बुडी समुद्रात मारलीत की मोरीत?"

कर्णिकांनी वॉरंटी कार्ड पुढे सरकवलं. नीलावहिनींना मात्र राहवेना. "काढून ठेवा म्हटलं होतं. हे चावी पिळून बंद न करता, उघडी टाकून उटणं चोळत बसले."

चावी उघडी, तर वॉरंटी नाही. भीमराजने कार्डावर कारण लिहिलं: अभ्यंगस्नान.